हरकत नाही

"प्रिय" लिहायचं जिवावर येतं, म्हणून नुसतंच, ऐक.

आपली शिडाची होडी परदेशी न्यायची म्हणून आज बंदराच्या ऑफिसात गेले. कारकुनानं मालकीचे कागद उलटेपालटे केले आणि म्हणाला, "बाई, मालक दोघं आहेत. साहेबांचं नाव वर आहे." घटस्फोटाचं सांगितलं, तर म्हणतो, "तो तुमचा झाला, होडीचा नाही. त्यांची हरकत नाही असं लिहून आणा."

साहेब म्हणे! होडीत दोनदा बसलास आणि दोन्ही वेळा ओकलास. फळ्यांच्या फटी मी बुजवल्या, शीड मी शिवलं, बोटांना अजून सुईचे घट्टे आहेत. आणि वरचा मालक तू, कारण नोंदणीच्या दिवशी पेन तुझ्या खिशात होतं!

तरी नाक मुठीत धरून तुला फोन केला. तर म्हणतोस, "एकटी जाणार? मला जरा विचार करू दे."

विचार? अरे, मी बॅग घेऊन दारात उभी होते, तेव्हा कुठे गेला होता तुझा विचार? पेपरातून मानही वर न करता म्हणालास, "हरकत नाही."

तेव्हा घ्यायची होतीस रे हरकत. मी जिना किती सावकाश उतरले, ते तुला कधी कळायचंच नाही.

हे पत्र होडीतच राहील. तुला नुसता फॉर्म पाठवते. तेच दोन शब्द लिही आणि सही कर. पाठ आहेत तुला.

खालच्या ओळीतली मालकीण