तीन मजूर, एक रान

शुक्रवार पेठ, सोलापूर
२० जानेवारी २०२५

ती. शिवबाई आत्यास,
सोमेशचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेल्या कडक भाकऱ्या बेगमपूरचा पूल यायच्या आत संपल्या. मी पत्र लिहायला बसलोय हे बघून पप्पा खूश आहेत. त्यांना काय माहीत! पोरगं सुधारावं म्हणून त्यांनी माझा कॉम्प्युटर उचलून मंगळवेढ्याला, स्वतःच्या बहिणीकडे ठेवला आणि संक्रांतीच्या तीन दिवसांत ती बहीणच माझा गेम खेळायला शिकली. त्यांच्या फोनवरून हे बोलता येत नाही, आणि माझा फोन मी कंबर तलावाच्या कट्ट्यावर आपटलाय. म्हणून सूचना पत्रातून.

आपली राजधानी अक्षता. नाव मीच ठेवलंय, हसू नकोस. तिच्याशेजारी नदीकाठची तीन रानं पडीक आहेत. एक रान तयार करायला एका मजुराला सहा टर्न लागतात. आपल्याकडे मजूर तीन. एकेका रानात एकेक घाल, कोणी रिकामं बसता कामा नये, आणि 'पुढचा टर्न' दाबत राहा. उत्तरेकडून हत्ती आले तर एक मजूर पुढे टाक. शिपाई महाग असतो. स्वतःचं डोकं चालवू नकोस.

खऱ्या अक्षताचं सांगतो. तिच्या घरी अक्कलकोटचं स्थळ आलंय. ती म्हणाली की महाशिवरात्रीपर्यंत तू पुरी केलेली एक तरी गोष्ट दाखव, मग मी घरी तोंड उघडते. मी म्हणालो, चार चालू आहेत की! पोलीस भरतीसाठी धावतोय, मोबाईल दुरुस्तीचा क्लास आहे, हृषीकेशच्या दुकानात टी-शर्ट छापतोय, आणि बाहेरून परीक्षा देण्याचा विचारही आहे. ती म्हणाली, तेच तर म्हणतेय मी. मग फोन आपटला गेला.

लोभ आहेच, तो वाढता ठेव आणि गेम दर आठ टर्नला सेव्ह कर.
तुझा,
सोमेश

मंगळवेढा
२७ जानेवारी

चि. सोमेश यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मोबाईल दुरुस्तीच्या क्लासला जाणाऱ्या पोराला स्वतःचा फोन दुरुस्त करता येईना, हे वाचून शेजारच्या मालतीला बी हसू आवरंना.

तुझं ऐकलं न्हाई. मजुरांना मी नावं दिली, केराबाई, कमलम्मा आन सखूबाई. चित्रात मिशा दिसत्यात, दिसू देत. ज्वारी काढायला बायका एका रानात एकजुटीनं उतरत्यात, मग दुसऱ्या. एकटीला एका रानात घातलं की बोलायला कुणी न्हाई, हात मंद पडतो. म्हणून तिघींना एकाच रानात घातलं. ते दोन टर्नात झालं. मग दुसरं, मग तिसरं. सहाव्या टर्नाला तुझ्यासारखीच तिन्ही रानं झाली, खरं पहिलं रान दुसऱ्याच टर्नापासून दाणा द्यायला लागलं हुतं. त्या दाण्यावर गावात चौथी मजुरीण निघाली. आता सांग, कुणाचं डोकं चालू नये?

हत्ती आले हुते. केराबाईला हत्तीपुढं टाक म्हणतोस? खरी केराबाई अकरा सुग्या माझ्याकडं काढणीला येती. तिला गावात परत आणलं आन शिपायाला पुढं धाडलं. त्याचं कामच हाय ते.

तुझ्या चारातलं कुठलं लवकर पुरं हुतंय, तेवढं कळव.

जेवत जा. आत्याची आठवण ठेवायला सांगावं लागत न्हाई, तरी सांगते.
शिवबाई

सोलापूर
३ फेब्रुवारी

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

तुझी रानं तुला लखलाभ. परवा अक्षता आईबरोबर साड्यांच्या दुकानातून बाहेर पडताना दिसली. हातात मोठी पिशवी. माझ्याकडे बघितलं आणि रिक्षात बसली. साडी कशाची असणार, मला कळत नाही का? आता राजधानीचं नाव बदल. 'दगड' ठेव. हे पत्र वाचल्या वाचल्या ठेव.

आणि पुरं काय होतंय ते विचारू नकोस. काहीच होत नाहीये. धावून आलो की क्लासला उशीर, क्लासमधून गेलो की हृषीकेश बोलतो, ऐन छपाईत डोळा लागतो. तू गेम जिंकतेस म्हणून मला शिकवू नकोस, मी काही केराबाई नाही.

रागात लिहिलंय, तरी लोभ कमी होऊ देऊ नकोस.
सोमेश

मंगळवेढा
९ फेब्रुवारी

चि. सोमेश यास अनेक आशीर्वाद.

केराबाई न्हाईस हे खरं हाय. तिला एकदा सांगितलेलं कळतं.

आमच्याकडं काढणी सुरू झाली. तुझा बाप, आमचा अनिल, परवा फोनवर बोलला. तू प्रयोगशाळेत सरांसमोर काचेचं भांडं फोडून कॉलेज सोडलंस, ते सर म्हणाले हुते की सहा ओळींची माफी लिहून दे आन परत बस. ऑक्टोबरपासून ते रान तसंच पडलंय. तू धावणं, क्लास, छपाई अशी तीन नवी रानं फोडलीस, खरं सगळ्यात थोडं काम जिथं उरलंय तिथं कुणीच न्हाई. तुझे सगळे मजूर एका दिवसापुरते तिथं घाल. सहाच ओळी हायत.

साडी कशाची, हे तिला विचारलंस का? की रिक्षालाच विचारलंस?

रागावलास तर राग, पण पत्र धाड.
शिवबाई

सोलापूर
२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सोमेशचा मनापासून सा. न. वि. वि.

धावलो नाही, क्लासला गेलो नाही, हृषीकेशला येत नाही म्हणून सांगितलं. दिवसभर बसून सहा ओळी लिहिल्या. अकरा कागद लागले. पहिल्या दहांत चूक सरांचीच निघत होती.

सरांनी वाचलं, खाली 'स्वीकारले' लिहून सही केली आणि परीक्षेचा फॉर्म पुढे सरकवला. त्या कागदाची झेरॉक्स काल शिवरात्रीला देवळाबाहेर अक्षताच्या हातात दिली. पुरी झालेली गोष्ट ही एवढीच, म्हणालो. तिनं दोनदा वाचलं. म्हणाली, आता माझ्या सहा ओळी कधी येणार? साडी तिच्या मावसबहिणीच्या लग्नाची होती गं! तिनं घरी सांगितलंय की परीक्षा होईपर्यंत अक्कलकोटचा विषय काढायचा नाही. पुढचं माहीत नाही. तिच्या सहा ओळी आज लिहायला घेतल्यात.

आत्या, एक विचारू? त्या राजधानीला 'दगड' नाव दिलं असशील तर जुनं परत देता येतं. कसं ते लिहून पाठवू का?

तुझ्या शिव्यांचाही भुकेला,
सोमेश

मंगळवेढा
४ मार्च

चि. सोमेश यास पोटभर आशीर्वाद.

तिच्या ओळी सहाच्या सात झाल्या तरी चालतील.

नाव बदलायचं बटण कुठं असतं ते मला ठाऊक न्हाई. तू सांगितलं न्हाईस, मी बी शोधलं न्हाई. अक्षता हाय तिथंच हाय. औंदा चौफेर रान पिकलंय.

शिवबाई