बाबांचा जंगलाचा पडदा

गुरुवार, आरमोरी

चूक माझीच. झाडीपट्टीच्या नाटकांसाठी बाबांनी रंगवलेला जंगलाचा पडदा गडचिरोलीच्या डिजिटल कला मेळाव्यात निवडला गेला. हात स्थिर होता तेव्हाचा हा त्यांचा शेवटचा पडदा. तो स्कॅन करायला आज दोन मुली आल्या. मी परवा बाबांना एवढंच सांगितलं होतं, "पाहुणे तुमचा पडदा पाहाले येऊन राह्यले."

नवा हंगाम आला की जुन्या चित्रावर पांढरा हात मारून नवं रंगवायचं, ही पडदेवाल्यांची रीत. बाबांनी तेच केलं. ते रंगवायला बसतात त्या छपरीत मी दोन दिवस डोकावलेही नाही. एकदा पाहिलं असतं तर?

नव्या जंगलात सागाची खोडं थरथरलेली. मुलींनी अर्जातला फोटो काढून पडद्याशी ताडून पाहिला.

"जुनं जंगल कुठे आहे?" एकीनं विचारलं.

"याच्याच खाली," बाबा हसले. "पाहुण्यायले जुना पडदा दाखवतेत का?"

अर्जाला जोडलेला माझ्या मोबाइलवरचा धूसर फोटो तेवढा उरलाय.

मुली गेल्यावर बाबांनी विचारलं, "आवडला ना वं त्यायले?"

मी हो म्हटलं.

बाबांनी आजवर एकाही पडद्यावर नाव टाकलं नाही. आता छपरीत बसून ते कोपऱ्यात सही करून राह्यलेत.