तपासनीस साहेबांचे ओझे शाळेने उचलल्याबद्दल खुलासा

प्रति,
मेहेरबान डेप्युटी साहेब,
शाळाखाते, मुक्काम दौरा, वेल्हे
यांचे सेवेशी

विषय : तपासणीच्या दिवशी मुलांनी सरकारी सामानास हात लावल्याबद्दल खुलासा, व शाळेची ग्रँट चालू ठेवण्याबद्दल विनंती.

संदर्भ : तपासनीस साहेबांचा लॉगबुकातील शेरा, व त्यावरून आपल्याकडून आलेले खुलासा मागविणारे पत्र.

महोदय,

अर्जदार इग्नास रखमाजी साळवे हा मौजे करंजटेंभा येथील कॅथलिक मिशनच्या प्राथमिक शाळेचा हेडमास्तर आहे. शाळेत दुसरा मास्तर नसल्यामुळे अर्जदार कोणाचा हेड, हा प्रश्न आजवर निघाला नव्हता. शाळा गावचे पाटील कोंडिबा यांनी दिलेल्या खोलीत भरते. तीत गावातील व गावकुसाबाहेरील मुले एकाच तरटावर बसतात, कारण तरट एकच आहे.

१. शेऱ्यात म्हटले आहे की, मुलांत शिस्त नाही, मुले वरिष्ठांच्या सामानास हात लावतात, आणि मास्तर नुसता पाहत उभा राहतो. पैकी शेवटचे विधान अर्जदारास पूर्ण मान्य आहे.

२. या गुन्ह्याचे मूळ रोम शहरी आहे. तेथील पोपमहाराजांनी कामकरी लोकांविषयी जगास एक पत्र लिहिले. ते आमचे फादर लोरेन्झ यांनी शाळेत मराठीतून समजावून सांगितले. काम करणारा माणूस हा जनावर नव्हे, कोणतेही काम माणसास हलके करीत नाही, आणि एकाच्या डोक्यावर फार झाले तर बाकीच्यांनी हात लावावा, असा त्यातील आशय फादरांनी सांगितला. अर्जदाराने हा पाठ इतर पाठांप्रमाणेच घेतला. म्हणजे मुलांनी तो मोठ्याने म्हणावा, तपासणीस उपयोगी पडावा, आणि पुढील आयुष्यात त्याचा कोणास उपद्रव होऊ नये, अशा बेताने. परंतु मुलांनी तो खरा मानला. लहान वयात हे असे होते. त्यावर खात्याकडे काही उपाय असल्यास कळवावा.

३. त्या पाठानंतर केर काढणे, पाणी भरणे व जमीन सारवणे ही कामे मुलांनी आपसात पाळीने वाटून घेतली. पाटलांची नात हौसा हिची केराची पाळी आली, त्या दिवशी पाटील स्वतः शाळेच्या दारात आले.

"मास्तर, आमची हौसा साळंत केर काढती म्हनं?"

अर्जदाराने विचारले, "घरी काढत नाही का?"

"घरी काढतीच की. शेनानं सारवती बी. पन ते घरचं."

"ही खोली कोणाची, पाटील?"

"माजी हाय."

"मग हेही घरचंच झालं."

पाटलांनी चौकटीवरून हात फिरविला. "ह्यात कुठंतरी खोट हाय, पन मला गावंना," असे म्हणून ते परत गेले. पाटील मुळात सरळ मनाचे गृहस्थ आहेत, हे पुढील हकिकतीच्या आधी नमूद करणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो.

४. आता तपासणीचा दिवस. तपासनीस साहेब नसरापुरापर्यंत मोटारीने, तेथून छकड्याने आणि खिंडीच्या पायथ्यापासून पायी, असे येणार होते. वेठ बंद झाल्याबद्दलचा सरकारी हुकूम अर्जदाराच्या ऐकण्यात आहे. परंतु आमची खिंड फार उभी असल्याने तो हुकूम अद्याप वर चढलेला नाही. सबब रिवाजाप्रमाणे पाटलांनी गावकुसाबाहेरील भिमास ओझ्यासाठी बोलावले. भिमा हिवतापाने अंथरुणास खिळला होता. पाटलांचा निरोप आला, "भिमा न्हाई तर भिमाच्या घरचं कुनीबी." तेव्हा त्या घरची रतनबाई खिंड उतरून गेली.

साहेबांचा मुक्काम एका रात्रीचा होता. सामान मात्र संसार थाटण्यास पुरेल इतके होते. लोखंडी ट्रंक व तिच्यावर वळकटी ही रतनबाईच्या डोक्यावर. सुरई, तांब्या, कंदील, स्टोव्ह, पानाचा डबा व घडीची खुर्ची ही सोनबा नावाच्या म्हाताऱ्याच्या कावडीत. सोबतच्या पट्टेवाल्याने आपला पट्टा वाहून आणला.

खिंडीच्या माथ्यावर बांबू व आंब्याच्या डहाळ्यांची कमान उभारून मुले रांगेत स्वागतपद्य म्हणत होती. शेवटच्या वळणावर रतनबाईस पाऊल पुढे टाकवेना. तिने दरडीस पाठ टेकली. डोक्यावरचे मोठे ओझे एकट्या माणसास उतरविता येत नाही, हे आपणांस ठाऊक नसण्याचा संभव आहे. दुसऱ्याने हात लावावा लागतो. तिने पट्टेवाल्याकडे पाहून म्हटले, "दादा, जरा हात लावा, खाली घिऊ द्या." तो म्हणाला, ओझ्यास हात लावणे आपल्या कामात बसत नाही. तपासनीस साहेब देखावा पाहण्यात गुंतले होते. तेथून तोरणा फार चांगला दिसतो.

रतनबाईची मुलगी चंद्रा दुसरीत आहे. ती कडवे अर्धे टाकून रांगेतून धावली. परंतु तिचे हात ट्रंकेस पुरेनात. तेव्हा उंचीने बरी असलेली हौसा गेली. पाटलांच्या नातीने एक बाजू धरली, चंद्राने आईच्या कमरेस आधार दिला आणि ट्रंक खाली आली. त्यानंतर रांग राहिली नाही. स्वागतपद्याचे पुढील कडवे अर्जदाराने एकट्याने पूर्ण केले.

मोठ्या मुलांनी कमानीचा आडवा बांबू उपसला, ट्रंकेच्या कड्यांत घातला आणि खांद्यावर घेतला. कमान अर्थातच पडली. वळकटी दोघींनी घेतली. सोनबाची कावड पाहता पाहता रिकामी झाली. ज्यास काही मिळाले नाही, त्याने कंदिलाची काच हातात धरली. शेवटी बिगारीच्या वर्गातील गेनू तपासनीस साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. साहेब रिकाम्या हाताने उभे आहेत हे पाहून त्यास वाईट वाटले असावे. त्याने विचारले, "सायब, तुमी काय घेता?"

हे त्यास कोणी शिकविले नव्हते. सर्वांत धाकट्या वर्गास बिगारी हे नाव आमच्या शाळेने ठेवलेले नाही, तेव्हा त्या नावाने मुलाच्या मनावर काही परिणाम झाला असल्यास त्याचा खुलासाही आमच्याकडे मागू नये.

साहेबांनी पट्टेवाल्याकडे पाहिले, तर तो मुलांमागोमाग पुढे गेला होता. मागे खुर्ची तेवढी उरली होती आणि जवळपास दुसरे कोणी नव्हते. शेऱ्यात "मजसारख्या अंमलदारास खुर्ची उचलणे भाग पाडले" असे आहे. अर्जदाराने जे पाहिले त्याप्रमाणे कोणी भाग पाडले नाही. सर्वजण पुढे निघून गेले, इतकेच. रतनबाई मुलांच्या मागून मोकळ्या हातांनी चालत आली. ती रडत होती.

५. परीक्षेत साहेबांनी पाढे, वाचन व नकाशा यांस हात न घालता चंद्रास उभे करून एकच प्रश्न केला, "अंमलदाराचे सामान कोणी वाहायचे असते?"

ती म्हणाली, "ज्याचं आसंल त्यानं. लईच जड आसलं तर समद्यांनी."

उत्तर चूक ठरून सर्व शाळा नापास झाली. बरोबर उत्तर शेऱ्यात दिलेले नाही. ते कळवावे, म्हणजे पाठ करून घेता येईल.

६. साहेब गेल्यावर पाटलांनी शाळेस कुलूप घातले व हौसास घरी बसविले. गावातील बहुतेक मुले तिच्यामागोमाग बंद झाली. उरलेली मुले घेऊन अर्जदार खिंडीजवळच्या करंजाच्या झाडाखाली शाळा भरवू लागला. त्या आठवड्यात फादर लोरेन्झ आले. त्यांनी सर्व ऐकून घेतले व कपाळाचा घाम पुसत म्हटले, "साळवे, क्षमा मागा. ग्रँट गेली म्हणजे शाळा गेली. ते पत्र मोठमोठ्या गिरण्यांच्या मालकांसाठी होते. या खिंडीसाठी नव्हते."

अर्जदाराने मान डोलावली. नोकरी करणाऱ्यास ती डोलविण्याचा सराव असतो. परंतु फादरांच्या पूजेची पेटी त्या वेळी सोनबाच्या डोक्यावर होती. ती दरवेळी असे, आणि आजवर ती कोणाच्या डोळ्यांवर आली नव्हती. चंद्रा सोनबाकडे गेली व त्याच्या अंगरख्यास धरून त्याला खाली बसविले. मग पेटीची एक कडी धरून फादरांकडे पाहत राहिली. फादरांचा मुळातच तांबडा चेहरा आणखी तांबडा झाला. त्यांनी वाकून दुसरी कडी धरली. झाडापर्यंत दोघांनी पेटी आणली. एक उंच, एक ठेंगणी, त्यामुळे पेटी सगळी वाट तिरपी चालत होती.

पेटी ठेवून फादर म्हणाले, "क्षमापत्र लिहू नका. जे घडले तेच लिहा. शुद्धलेखन मात्र सांभाळा."

हा अर्ज त्यावरून आहे.

७. यानंतर जंगलखात्याचे एक अंमलदार गावी आले. पाटलांनी पुन्हा भिमास बोलावले. भिमा ताप उतरून नुकता काठी टेकीत हिंडू लागला होता. तो बोचके घेऊन माथ्यावर येतो न येतो, तोच झाडाखालची शाळा उठून त्याच्याकडे धावली. अर्जदाराने "बसा" असे म्हटले होते, परंतु फार मोठ्याने म्हटले नव्हते. गलका ऐकून पाटलांच्या खळ्यावरून हौसाही आली आणि सर्वांच्या आधी तिने बोचके डोक्यावर घेतले. खळ्यावर मळणीस निम्मे गाव जमलेले होते.

पाटील ओरडले, "हौसे, ठिव ते खाली!"

ती म्हणाली, "मंग कोन घेनार, आज्या?"

पाटलांनी सभोवार पाहिले. गडी पाहत होते, बाया पाहत होत्या, भिमा काठीवर वाकून उभा होता. कोणी पुढे होईना. पाटलांनी उपरणे खांद्यावर नीट केले, नातीच्या डोक्यावरून बोचके उचलले व चावडीपर्यंत स्वतः नेले.  चावडीत ओझे टाकून त्यांनी कमरेवर हात ठेवला व भिमास म्हटले, "लई जड आसतंय रं हे."

भिमा म्हणाला, "व्हय, पाटील."

सबंध गावात इतकी वर्षे या विषयावर एवढेच बोलणे झालेले आहे. त्यानंतर पाटलांनी पायथ्याशी एक तट्टू ठेवविले असून येणाऱ्या पाहुण्याने त्याचे भाडे आधी द्यावे, असा नियम केला आहे. तट्टू अद्याप शाळेत दाखल झालेले नसल्याने त्याच्या शिस्तीबद्दल तक्रार आल्यास अर्जदार जबाबदार नाही. दुसऱ्या दिवशी पाटलांनी शाळेची किल्ली आणून दिली. म्हणाले, "उगडा साळा, मास्तर. पोरं आत कोंडल्याली बरी. म्होकळी सुटली की गाव बिगडवत्यात." हौसा त्यांच्या मागे पाटी घेऊन उभी होती.

तरी विनंती की, वरील खुलासा ध्यानी घेऊन शाळेची ग्रँट बंद करू नये. शेरा खोडावा असे अर्जदाराचे म्हणणे नाही. अंमलदाराचे अक्षर सुंदर आहे. फक्त त्यात एक दुरुस्ती व्हावी. शेऱ्यात ट्रंकेचा उल्लेख वारंवार आहे, तिच्या रंगावर उठलेल्या ओरखड्याचाही आहे. ती ट्रंक जिच्या डोक्यावर होती, तिचा कोठेच नाही. तो व्हावा.

अशी मागणी करण्यापूर्वी तिची संमती घ्यावी म्हणून अर्जदार काल रतनबाईकडे गेला होता. ती चुलीपुढे बसली होती. प्रथम ती घाबरली. म्हणाली, "माजं नाव नगं, मास्तर. कागदावर नाव चडलं की बलावनं येतं."

अर्जदार उठू लागला, तेव्हा तिने विचारले, "त्या सायबानं माज्याबद्दल काय लिवलंय?"

"काही नाही."

"आन् ट्रंकंबद्दल?"

"पुष्कळ."

तिने फुंकणी खाली ठेवली.  मग म्हणाली, "तर मंग लिवा. पन भिमाची बायकू म्हनून नगं. रतनबाई लिवा."

त्याप्रमाणे लिहिले आहे.

हुकमाची वाट पाहणारा,
आपला नम्र अर्जदार,
इग्नास रखमाजी साळवे
हेडमास्तर, मौजे करंजटेंभा
तारीख ५ माहे फेब्रुवारी, सन १९३८