चिमीचे डोळे कुणावर गेले

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आणि हेच मी सांगत होते, तेवढ्यात तू फोन ठेवलास! सासूबाई समोर सोफ्यावर आणि तू कुजबुजतेस, मला काय कळणार? म्हणून पत्र.

ताई, उन्हाने डोळे रापत नाहीत! डोळा म्हणजे काय हात आहे? चिमी जन्मली तेव्हा तिचे डोळे निळे होते, आता सहाव्या महिन्यात तपकिरी व्हायला लागले, म्हणून सासूबाई तिला दिवसभर पडदे लावून खोलीत ठेवतात? मी इथे युनिव्हर्सिटीत जेनेटिक्स शिकतेय आणि माझी सख्खी भाची बटाट्यासारखी अंधारात पडून आहे. वर्गात कुठल्या तोंडाने सांगू?

नीट ऐक, कारण हे भारी आहे. निळ्या डोळ्यांत निळा रंग नसतोच! तिथे मेलॅनिन हे तपकिरी रंगद्रव्य अगदी कमी असतं, म्हणून आत शिरलेला उजेड विखुरतो आणि त्यातला निळा आपल्याकडे परत येतो. आभाळाचं असतं ना, जवळपास तसंच. बऱ्याच बाळांचं मेलॅनिन जन्मानंतर हळूहळू तयार होतं. किती व्हायचं ते जीन्स ठरवतात, खिडकी नाही. जगात दहातल्या एखाद्याचेच डोळे निळे असतात. असं मानतात की हजारो वर्षांपूर्वी एकाच कुणा माणसामध्ये एक छोटासा बदल झाला आणि आजचे बहुतेक सगळे निळ्या डोळ्यांचे लोक त्याचेच वंशज. म्हणजे ते सगळे एकमेकांचे लांबचे भाऊबंद! तुला अंगावर काटा नाही आला? मला आला.

पडदे उघड. आजच.

माया आहेच, जरा हिंमतही धर.
तुझी,
छोटी

ता. १३ मार्च

चि. छोटीस,
अनेक उ. आ.

अंगावर काटा आला, पण आभाळामुळे नाही. "पडदे उघड" म्हणे! मी सकाळी उघडते आणि साडेनऊला कामावर जाते. जिन्यात असतानाच मागे पडद्याच्या कड्या सरकल्याचा आवाज येतो. परत वर जाऊन भांडू, की बस गाठू?

माझं काम तुला माहीतच आहे. लॅबमध्ये दिवसभर खोट्या दातांचा रंग खऱ्या दातांशी जुळवायचा, आणि तोही खिडकीपाशी, कारण दिव्याखाली रंग फसवतो. माझा सगळा दिवस उजेडात आणि पोरीचा अंधारात. रविवारी तिला बाहेर नेलं तर तिने डोळे गच्च मिटून असं भोकाड पसरलं की रस्त्यावरचे लोक माझ्याकडेच रागाने बघायला लागले. त्या दिवसापासून मला झोप नाही.

तुझ्या भावोजींना सांगून झालं. त्यांचं उत्तर असं की आईला कोण समजावणार, आणि लगेच पेपर तोंडासमोर.

खरी गोम वेगळी आहे. सासूबाईंच्या सासऱ्यांचे डोळे निळे होते. सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाईंना झालेला मुलगाही निळ्या डोळ्यांचा. आमच्या ह्यांचे आणि दोन्ही नणंदांचे मात्र तपकिरी. चिमी झाली त्याच आठवड्यात सासूबाईंनी जाऊबाईंना कळवून टाकलं की आमच्याकडे निळे डोळे आले. आता जाऊबाई मे महिन्यात बघायला येणार आहेत. झालं! आता मी म्हणे बाळाला गॅलरीत घेऊन बसले आणि घराण्याचा रंग घालवला.

माझं बोलणं त्यांच्या कानावरून जातं. तू त्यांना लिही. शिकलेल्या माणसाचं त्या ऐकतात, तो घरातला नसला की. पण गोडीत लिही गं बाई, शहाणपणा पाजळू नकोस.

जिवाला जप, जेवत जा.
तुझी,
ताई

ता. २९ मार्च

चि. छोटीस,
आशीर्वाद.

तुझं आठ पानी पत्र पोचलं. डोळा उभा कापल्यासारखं चित्रही बघितलं. ते जेवायच्या आधी उघडायला नको होतं.

तू मला अडाणी समजू नकोस. बाळांचे डोळे बदलतात हे मला ठाऊक आहे, तिघांना मीच वाढवलंय. पण तीन वेळा बदलताना बघितलं, म्हणून चौथ्यांदा वाटलं की धरून ठेवावं. जमलं तर जमलं. तुझ्या ताईला हे सांगू नकोस, असं म्हणणार होते. पण तू सांगणारच.

माझ्या मोठ्या जावेला पहिलाच मुलगा निळ्या डोळ्यांचा झाला. त्या दिवसापासून ती राणी. माझं प्रत्येक मूल झालं की ती पाळण्यात डोकावायची आणि म्हणायची, "ह्यांच्या घरात काही खोट नाही बाई, खोट आली ती बाहेरून." बाहेरून म्हणजे माझ्याकडून. हसत म्हणायची, म्हणून कुणाला ते लागट वाटलं नाही. माझी मुलं मोठी होईपर्यंत मी ते ऐकलं. ती मेमध्ये येईल आणि पहिल्यांदा पाळण्यातच डोकावेल.

आता कामाचं. तू एवढी शिकतेस, तर तिला एक पत्र लिही. तुझ्या सायन्सप्रमाणे लिही की माझी मुलं तपकिरी डोळ्यांची झाली ती माझ्यामुळे नाही. ते पत्र मला आधी दाखव. ज्या दिवशी ते हातात पडेल त्या दिवशी मी माझ्या हाताने पडदे काढून धुवायला टाकीन. शब्द देते.

अभ्यास कर. अक्षर सुधार.
तुझ्या ताईची सासू

ता. ६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत सासूबाईंचं पत्र पाठवतेय. वाच आणि मग माझ्यासारखीच डोकं धरून बस.

मी उड्या मारत लिहायला बसले. वाटलं, सोपं आहे, तुझ्या पोरीला उन्हात न्यायला एक पत्रच तर लिहायचंय! मग कागदावर आई-बाबांचे जीन्स मांडायचे चौकोन काढले आणि हात थांबला. ताई, साधा हिशोब असा आहे की निळ्या डोळ्यांसाठी बहुतेक वेळा दोन्हीकडून देणं यावं लागतं, आईकडून आणि बाबांकडून. सासूबाईंच्या सासऱ्यांचे डोळे निळे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे, तुझ्या सासरेबुवांकडे, ते अर्धं देणं होतंच. उरलेलं अर्धं सासूबाईंकडून यायला हवं होतं. कदाचित त्यांच्याकडे होतं आणि तिन्ही वेळा दुसरंच पुढे गेलं. हे होतं. पण त्यांच्याकडे नव्हतंच, ही शक्यता जास्त. त्या जाऊबाईंकडे मात्र होतं, नाहीतर मुलगा तसा झालाच नसता. म्हणजे आयुष्यभर टोमणे मारणारी ती बाई बोलली वाकडं, पण हिशोब बराचसा बरोबर! मला इतका राग आला की पेन फेकलं. मेलीला बरोबर असायची काय गरज होती?

सरांना विचारलं. ते म्हणाले की एवढं सरळ नसतं, डोळ्यांच्या रंगात कितीतरी जीन्सचा हात असतो, खात्रीने कुणाबद्दलच सांगता येत नाही. हेही खरंच. आणि "खोट" हा शब्द तर आमच्या पुस्तकात कुठेच नाही. तपकिरी डोळे म्हणजे कुणी काहीतरी कमी दिलं असं थोडंच आहे? उलट मेलॅनिन जास्त दिलं! पण सासूबाईंना हे नकोय. त्यांना एकच ओळ हवी आहे, "तुमच्यामुळे नाही." ती मला लिहिता येत नाही. आणि ती लिहीपर्यंत चिमी अंधारात.

दोन पत्रं लिहून ठेवली आहेत. एकात सगळं आहे, चौकोनांसकट. दुसऱ्यात फक्त "खात्रीने सांगता येत नाही" एवढंच. ते खोटं नाही, पण मी काय गाळलंय ते मला माहीत आहे. दोन्हीवर तिकिटं लावली आहेत.

तू रोज रंग जुळवतेस, तुझी नजर पक्की आहे. चिमीला उरापाशी धर आणि कळव.
तुझीच,
छोटी

यातलं कुठलं टाकू गं?