यंदाच्या कुरडया

केडगाव,
१ एप्रिल २०२५

ती. मुक्ताताईस,
धाकट्या आरतीचा सा. न. वि. वि.

तुझा लेक कल्याण मार्केट यार्डात लिंबं उतरवून आत्ताच आलाय. तो जेवतोय तोवर चार ओळी लिहिते आणि त्याच्याच टेम्पोत घालते. तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या जिन्याला ऐकू जातं, तुला सोडून. त्यापेक्षा आपला दर मंगळवारचा कागद बरा.

आमच्या सोसायटीत होळीपासून बायकांचा एक वर्ग सुरू झालाय. एक मॅडम येतात. उन्हाळा म्हटलं की आपण नुसत्या करवादतो. त्यापेक्षा रोज दिवसभरातले तीन लहानसे आनंद वहीत लिहायचे, असं त्यांचं सांगणं. मला आधी हसू आलं. पण खरंच गंमत आहे गं. नळाला अर्धा तास जास्त पाणी आलं, लिहिलं. माठात वाळा घातला त्याचा वास, लिहिला. ह्यांनी न सांगता कूलर पुसला, तो तर दोनदा लिहिला. मॅडमनी माझी वही सगळ्यांसमोर वाचून दाखवली. महिनाअखेर चांगल्या वहीला बक्षीस आहे. तुला कळावं म्हणून सतरा दिवसांच्या पानांची झेरॉक्स सोबत पाठवते.

वर्ग एप्रिलभर आहे. एक दिवस चुकला तरी वही बाद. म्हणून यंदा कुरडयांना यायचं जरा अवघड दिसतंय. मे महिन्यात करू या का? गहू काही पळून जात नाहीत.

कळावे. आहे तो लोभ उन्हात आटू देऊ नये.

तुझी,
आरती

*

मु. पो. जामखेडजवळचा मळा,
७ एप्रिल

चि. सौ. आरतीस,
थोरल्या बहिणीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. झेरॉक्सही पोचली. आमच्या इथे वाचायला दुसरं काही नसतं, म्हणून दोनदा वाचली. सतरा दिवसांचे एक्कावन्न आनंद. त्यात नळ आहे, माठ आहे, वरच्या मजल्यावरची मोगऱ्याची कुंडी आहे, कुणी सौ. देशमुख आहेत त्या चार वेळा आहेत. कूलर तर आहेच. मी शोधत होते ते नाव एकदाही सापडलं नाही. म्हटलं झेरॉक्समध्ये पुसट आलं असेल, म्हणून उन्हात धरूनही पाहिलं.

आता आमचे आनंद ऐक. कुंपणाला लागून रतनबाईने दोन खोल्या बांधल्यात. दिवाळीपासून ऊसतोडीला गेलेली असते, यंदा मार्चातच परत आली. दुपारी चहाला येते. कारखान्यावरच्या मुकादमाची नक्कल करून दाखवते, तेव्हा मला एक शब्द ऐकू आला नाही तरी पोट धरून हसते. माझे केस विंचरते. परवा तिने स्वतः होऊन विचारलं, आक्का, कुरडया कवा करायच्या?

तू म्हणतेस मे महिन्यात. मे महिन्यात आमच्याकडे वावटळी उठतात आणि कुरडईत माती जाते, हे तीस वर्षं येऊन तुला माहीत नसेल असं वाटत नाही. तेव्हा उद्या गहू भिजत घालते. शुक्रवारी पहाटे चीक शिजवायचा. रतनबाई आहे. तू तुझी वही सांभाळ.

तुझं भलं होवो. आम्ही लोभात आहोतच, तू मोज किंवा मोजू नकोस.

मुक्ता

*

केडगाव,
८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कल्याण चहा पितोय. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या लिहितेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

वहीत तुझं नाव नाही म्हणून टोमणे मारलेस. अगं, मॅडम सांगतात आजच्या दिवसात जे घडलं ते लिहा. तू काय माझ्या बाल्कनीत घडतेस? मी आपलं मोकळ्या मनाने पाठवलं, वाटलं तुला कौतुक वाटेल. तुला कधीच माझं कौतुक नव्हतं. शाळेत माझा पहिला नंबर आला तेव्हाही तू गोठ्यात निघून गेली होतीस.

आणि ही रतनबाई कोण एकदम? महिन्याभराची ओळख, आणि बाई तुझे केस विंचरते? तुझ्या डोक्यावर डाव्या बाजूला जुनी खोक आहे, तिथे कंगवा लागला की तुला झिणझिण्या येतात, हे तिला माहीत आहे का? तीस वर्षं आपण दोघींनी चीक शिजवला. त्यात कधी तिसरी आली नाही. आपल्या सख्ख्या वहिनीलाही तू हात लावू दिला नव्हतास.

पण माझी काही हरकत नाही. शुक्रवारी खुशाल करा. मी इथे सौ. देशमुखांकडे आइस्क्रीम शिकायला जाणार आहे. वहीत तेही लिहीन.

बाकी ठीक. लोभ असेल तिथे असो.

आरती

*

मळा,
१४ एप्रिल

चि. सौ. आरतीस,
अ. उ. आ.

हे अक्षर सूनबाईचं आहे, सांगतेय मी. हल्ली मला चष्म्यातूनही नीट दिसत नाही, म्हणून निकिताला बसवलंय. कुरडया फार छान झाल्या. चीक पांढराशुभ्र, गाठ म्हणून नाही. रतनबाईच्या हाताला चांगलाच सराव आहे. वाळल्या की डबाभर पाठवीन, आत्ताच कसा पाठवणार. तू आइस्क्रीम शिकलीस का? आमच्याकडे कुणी खाणारं नाही, पण शिकलीस तर चांगलं आहे.

तुझ्या बक्षिसाला आमचा आशीर्वाद. मनात काही ठेवू नये.

मुक्ता

मावशी, नमस्कार. मी निकिता. आईंनी सांगितलं तेवढं वर लिहिलं, हे मी आत येऊन लिहितेय. त्यांनी मला आणि ह्यांनाही शपथ घातलीय, म्हणून तुमच्याकडे चहा पिताना हे काही बोलणार नाहीत. कुरडया झालेल्याच नाहीत. शुक्रवारी चीक शिजताना फदफदायला लागला, तो उडणार हे रतनबाईंच्या ध्यानात आलं, त्या ओरडल्या, पण आईंना ऐकू गेलं नाही. उजव्या हाताचा पंजा आणि मनगट भाजलं. डॉक्टरांनी पट्टी बांधलीय, बोटं हलतात, काळजीचं नाही म्हणतात. आई म्हणतात, आरतीला कळलं तर ती वही टाकून पळत येईल आणि मग जन्मभर ऐकवील. पातेलं अजून अंगणात तसंच आहे, त्या घासू देत नाहीत.

*

केडगाव,
५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी पोचून सहा दिवस झाले. तुझ्या हाताची खपली धरली का? खाजवू नकोस. निकिताला लोणी लावायला सांगितलंय, तिची परीक्षा घेऊ नकोस.

तुझ्यासमोर बोलायचं ते लिहिते, कारण तुझ्यासमोर बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडून सांगण्यासारखं हे नाही. पंधरा तारखेला मी टेम्पोतून उतरले, तेव्हा वाटलं होतं तू एकटी पडली असशील. मनात सगळं ठरवून आले होते, काय रागवायचं, किती रडायचं. आणि बघते तर तू बाजेवर बसलेली, आणि ती रतनबाई तुला भाकरी कुस्करून चमच्याने भरवतेय. तू तोंड उघडत होतीस एखाद्या लेकरासारखी. ताई, तुझा हात बघायच्या आधी मी तिचा चमचा बघितला. देवाशपथ सांगते. मी तिच्या हातून ताट ओढून घेतलं आणि ती बिचारी पदराला हात पुसत बाजूला झाली. तुला वाटलं मी घाईत आहे. मी घाईत नव्हते.

पुढचे दोन दिवस मी तिला तुझ्याजवळ बसू दिलं नाही. ती आली की मी तुला आत नेत होते, पट्टीला हवा लागू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी विहिरीवर तिने मला गाठलं. तिने सरळच सांगितलं की शुक्रवारी चीक हाटताना आक्कांचं सारखं चाललं हुतं, आरती पातेलं असं धरती, आरती असं हाटती, चीक उडायच्या आदी आरती माज्या मनगटाला हात लावती. म्हणे, आयकून आयकून माजं टकुरं फिरलं, आन् मी म्हनलं मग आना की तुमच्या आरतीला. तेवढ्या बोलन्यात माजं ध्यान गेलं, वरडले तवर चीक उडाला. मग म्हणाली, तुमाला मी वळखत पन न्हाई, पन तुमचा मला लई राग येतो बाई.

मी म्हटलं, मलाही तुमचा येतो. मग आम्ही दोघींनी ते जळकं पातेलं राखेनं घासलं आणि त्याच दिवशी गहू भिजत घातले.

नंतरचं तू बाजेवर बसून पाहिलंसच. चीक हाटायचा दांडा कुणी धरायचा यावरून आमचं भांडण, आणि तू पट्टीचा हात तोंडावर ठेवून हसतेस. पहिला गरम चीक मी तुला दिला, तेल घालून. तिने तिच्या वाटीतला साखर घालून दिला. तू दोन्ही खाल्लेस आणि कुठला चांगला ते सांगितलं नाहीस. मी वाट बघत होते. अजून बघतेय.

वर्गातून नाव गेलं. बक्षीस सौ. देशमुखांना मिळालं. मला त्याचं काही नाही. मला एवढंच लागतं की तिच्या नकलांना तू जितकी हसतेस तितकी माझ्या कशालाच हसत नाहीस, आणि मी गेल्यावर दिवाळीपर्यंतचे सगळे दिवस तिचे आहेत. तू माझीच थोरली आहेस, हे कुणीतरी मला लिहून द्यावं असं वाटतं. साठीला आले तरी वाटतं, काय करू.

उत्तर तुझ्या हाताने लिहायला जमलं तरच लिही. लोभाचं मागत नाही, मागितल्यासारखंच झालंय.

तुझी,
आरती

*

मळा,
१२ मे

चि. सौ. आरतीस,
अ. उ. आ.

माझ्याच हाताने लिहितेय. अक्षर कोंबडीचे पाय झालंय, पण माझं आहे. करंगळी अजून पुरती वळत नाही.

शाळेत तुझा नंबर आला तेव्हा मी गोठ्यात रडायला गेले होते. माझी शाळा चौथीत सुटली आणि तू पहिली आलीस. मला फार जळायला झालं होतं. तुला हे सांगायला पन्नास वर्षं लागली, तर तू तुझं तीन आठवड्यांत लिहिलंस, म्हणजे तूच माझ्याहून शहाणी.

आता तू गेल्यानंतरची गोष्ट. दुसऱ्या दुपारी चिंचा फोडायला पडवीत बसले. रतनबाई आली आणि खांबाला टेकून बसली, तू पंधरा दिवस बसत होतीस तिथेच. माझ्या डोक्यात एकदम तिडीक उठली. जिने मला भरवलं, न्हाऊ घातलं, तिला मी म्हटलं, तिथे नको, पलीकडे बस. ती मुकाट उठून पलीकडे बसली. चिंचा फोडत राहिली. शेवटी मीच विचारलं, राग आला का? तिने माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश सांगितलं, मला ओठांवरून कळावं म्हणून. म्हणाली, राग कशाचा आक्का, मी मुद्दामच बसले हुते, उठवता का ते बघाय.

आणि मान खाली घालून तिने परत चिंच उचलली. आरती, तुला हवं होतं ते लिहून मिळालं असं समज. पण ते मिळताना तिचा चेहरा मी बघितला, तू नाही बघितलास. म्हणून आता माझं ऐक. पुढच्या वेळी टेम्पोतून उतरलीस की माझ्याकडे नंतर ये. आधी कुंपणाशी उभी राहा आणि रतनबाईला हाक मार. तिला ऐकू येतं.

इथे लोभ आहे, दोघींपुरता आहे.

तुझी ताई,
मुक्ता