राखीच्या पीएच.डी.चा विषय

मुलींचं वसतिगृह, नागपूर
८ सप्टेंबर २०२५

ती. ओमभियास,
राखीचा शि. सा. नमस्कार. जय सेवालाल.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथल्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी मी बैलगाडीच मागितली.

बातमी चांगली आहे. मानसशास्त्र विभागात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. मार्गदर्शक अर्पिता मॅडम. आता प्रश्न राहण्या-खाण्याचा. एक वाट अशी की मॅडमच्या प्रकल्पावर साहाय्यक व्हायचं. महिन्याला मानधन मिळेल, पण विषय त्यांचा: शाळकरी मुलांची झोप. दुसरी वाट, भटक्या-विमुक्तांसाठीची सरकारी अधिछात्रवृत्ती. ती मिळाली तर विषय माझा. कर्ज काढायचं नाही, हे मी आपल्या बाला आधीच सांगितलंय.

माझा विषय तू ओळखला असशील. स्पर्धा परीक्षा सोडून तांड्यावर परत आलेली मुलं. मॅडम म्हणाल्या, एका माणसाची कहाणी खोलात जाऊन मांडली तर प्रस्ताव उभा राहील. भिया, ती तुझी असावी असं मला वाटतं. नाव बदलीन. पण तू हो म्हटल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाही. महिनाअखेर प्रस्ताव द्यायचा आहे.

याडीला सांग, तुझ्या लेकीच्या मेसमधली भाजी छान असते. खोटं आहे, पण सांग.

लोभ आहे तो वाढू दे.
तुझी बहीण,
राखी

तांडा, ता. दारव्हा
१६ सप्टेंबर

चि. राखीस,
ओमचे अनेक आशीर्वाद.

तुह्यं पाकीट पोस्टमननं याडीच्या हाती देल्लं. सरकारी कागद समजून ते घाबरली. वाचून दाखवलं तं बानं साऱ्या तांड्यात सांगून टाकलं, का पोरगी डाक्टर होऊन राह्यली. सुखीबाई लगेच गुडघे दाखवाले तुह्या तारखा इचारून गेली. दिवाळीले येशील तवा तयारीनं ये.

आता तुह्या प्रश्नाचं. नाही, राखी. रागानं नाही म्हणत. पुण्याहून आलो तवापासून मी बाजारच्या दिवशी दारव्ह्याले जात नाही. जीपमधी बसलं का कोणी तरी इचारतेच, साहेब, निकालाचं काय झालं? तू नाव बदलशील, पण तांड्यातला हा पोरगा कोण, हे साऱ्याइले समजते. इतके वर्ष निकालाच्या यादीत नाव पाहून राह्यलो, भेटलं नाही. आता अशा कागदावर भेटू नये.

माह्यामुळे तुह्यं अडलं तं मले वाईट वाटीन. तरी नाहीच म्हणतो.

सोयाबीन सोंगणीले आलं आहे. जेवत जा.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुहा,
ओम

नागपूर
२७ सप्टेंबर

ती. भियास,
शि. सा. नमस्कार.

तुझं उत्तर वाचून मी दोन दिवस रागावले होते. खोटं कशाला बोलू? मग मॅडमकडे गेले आणि सांगितलं, भाऊ नाही म्हणतो. त्या म्हणाल्या, नाही म्हणजे नाहीच. तेवढं पाळता आलं नाही तर या विभागात काय शिकशील? मला दुसरं कोणी शोधायला आता वेळ उरला नाही. म्हणून या वेळी मी अधिछात्रवृत्तीचा प्रस्ताव दिला नाही. सोमवारपासून प्रकल्पावर रुजू होते.

याडीला फोनवर सांगितलं तर म्हणते, झोपेचा अभ्यास करायले पैसे देतेत? मंग तुह्या बापालेच पाठोतो.

खरं सांगू, विषय वाईट नाही. माझं अडलेलं नाही. तू ते मनातून काढून टाक. मी तुला काही विचारणार नाही आणि उपदेशही करणार नाही. फक्त कधी तरी लिहीत जा.

आहे तशीच जीव लावणारी,
राखी

तांडा
४ ऑक्टोबर

चि. राखीस,
अनेक आशीर्वाद.

काल बाच्या संग सोयाबीन घेऊन दारव्ह्याले निघालतो. जीपमधी तांड्यातल्या डोंगरसिंगनं हासत हासत तेच निकालाचं इचारलं. माहा दम अटकला. जीप थांबवून उतरलो तं मागून बा बी उतरला. माल पुढं गेला. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेले बसलो. बानं डोक्याचा पटका सोडला अन् मले वारा घालत राह्यला. मी लय रडलो, राखी. बाच्या समोर पहिल्यांदाच.

घरी आल्यावर बा एवढंच म्हणला, राखीले लिह्य.

म्हणून लिहितो. तुह्या विभागात असं कोणी आहे का, जे फक्त आयकून घेते? अभ्यासासाठी नाही. आपली गोरबोली येत असली तं लय चांगलं, नाही तं मराठी चालीन. पण तू नको. तुह्यासमोर मी भिया आहे, मले तोच राहू दे.

असं कोणी असलं तं वेळ ठरवून ठेव. मी तेरा तारखेच्या सकाळच्या एसटीनं येतो. फोन आता चालू ठेवतो. तू बस स्टँडवर ये. विभागाच्या दारापर्यंत माह्यासंग चाल. आत मी एकटा जाईन.

तुह्या मायेवर टेकलेला,
ओम