पुरावरून गेलेली गाडी

सौ. ओतोसे हिस, शिझुओकाहून सप्रेम आशीर्वाद.

दादा भेटला. हे आधी लिहितो, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

ओई नदीला पूर होता, आई गेली तेव्हा होता तसाच. तेव्हा पूल नव्हता; माणसांना खांद्यावरून पार नेणाऱ्या हमालांच्या खांद्याला पाणी लागलं की वाट बंद व्हायची. मी पाच दिवस काठावर बसून राहिलो आणि पोहोचलो तेव्हा सारं आटोपलं होतं. काल आगगाडी त्याच पुरावरून धडधडत गेली. नदीवर कवितेची एक ओळ सुचली. दुसरी सुचेपर्यंत नदी मागे पडली. पडू दे.

एक फजिती झाली. घरात शिरावं तशा मी खडावा फलाटावरच काढून ठेवल्या आणि गाडीत चढलो. त्या आपल्या गावच्या स्टेशनावरून आणवून घे. तुझा खोकला कसा आहे?

दादाने अंथरुणातूनच माझे पाय पाहिले.

"काय मास्तर, अनवाणी? गाडीला सासुरवाडी समजलास काय?"

"पण पोहोचलो ना?"

"पोहोचलास खरा." त्याला हसता हसता धाप लागली. मग माझा हात घट्ट धरून म्हणाला, "आता आईला सांगतो, या खेपेला धाकटा वेळेवर आला."

मी इथेच आहे, त्याच्या उशाशी.

तुझाच,
यासाबुरो